फरकाचा उजेड

माझी पुतणी पीएच.डी.ला लागली तेव्हा दादाने कराडहून फोन केला होता. "पोरगी लेझरवर काम करणार आहे," तो म्हणाला. फोनवर खरखर होती आणि माझ्यासमोर काउंटरवर पेन्शनवाल्यांची रांग होती. मी ऐकलं, 'लेजरवर'. म्हटलं, चला, एम.एस्सी. होऊनसुद्धा पोरगी शेवटी काकाच्याच वळणावर गेली. मी बँकेत लागलो त्या वेळी लेजरांतला मजकूर संगणकात जाऊन बसला होता, पण त्यांचे देह रेकॉर्डरूमच्या मांडणीवर शाबूत होते. एकेक लेजर असं, की पायावर पडलं तर वैद्यकीय रजा विनाचौकशी मंजूर व्हावी. त्यावर आता पीएच.डी. करतात हे ऐकून मला भरून आलं. मी शाखेत पेढे वाटले. शिपायाने दोन खाल्ले आणि म्हणाला, "आपल्या रेकॉर्डरूममध्ये पाठवा त्यांना. तिथल्या झुरळांवरही काहीतरी होईल."

खुलासा दिवाळीत झाला. लेजर नव्हे, लेझर. पेढ्यांचे पैसे मी बुडीत कर्जात टाकले आणि विषय तिथे मिटला.

तो गेल्या महिन्यात पुन्हा निघाला. पुन्हा दादाचाच फोन. या वेळी खरखर नव्हती, त्यामुळे त्याचा आवाज किती थकलाय ते स्पष्ट ऐकू आलं. "चार वर्षं झाली," तो म्हणाला. "काय उजेड पाडला रे तिने? पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती संपते. मग काय? इकडे लोक विचारतात, मुलगी काय करते? मी काय सांगू? बँकेत क्लार्कच्या जागा निघाल्यात. शुक्रवार शेवटची तारीख. तुझं ऐकते ती. जा आणि फॉर्म भरून घे."

वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला बँकेच्या नोकरीची गोडी सांगायला पाठवणं म्हणजे पथ्यावर असलेल्या रोग्याला मुगाच्या खिचडीवर भाषण द्यायला लावण्यासारखं आहे. पण दादाने माझ्या बी.कॉम.ची फी भरलेली. शिवाय आमची ही म्हणाली, "जा की. नाहीतरी रविवारी घरात बसून दुसरं काय करता?" हा मुद्दा बिनतोड होता. मी फॉर्मची छापील माहिती खिशात घातली, वहिनींनी पाठवलेला लाडवांचा डबा पिशवीत घातला आणि लोकल पकडली.

पुतणी ज्या संस्थेत आहे तिचं नाव मी सांगणार नाही. संस्थेने माझं काही वाईट केलेलं नाही. मी संस्थेचं काय केलं ते पुढे येईलच.

प्रयोगशाळेत शिरताना आधी चपला काढाव्या लागल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, इथे निदान देवाधर्माचं काही शिल्लक आहे. पण ते धुळीसाठी होतं. मग डोळ्यांवर हिरवट चष्मा आला. आत मधोमध एक टेबल. लग्नात वऱ्हाडाची एक पंगत बसेल एवढं लांब, वर शेकडो भोकं, आणि भोकाभोकांत उभे केलेले बोटभर आरसे. आमच्या शाखेत टेबल हलायला लागलं की त्याच्या पायाखाली व्हाउचरची घडी सारतात. हे टेबल हलू नये म्हणून हवेच्या उशांवर तरंगत ठेवलं होतं.

"बोल," मी म्हटलं, "कुठाय तुझा उजेड?"

"आहे की. तुमच्या समोरच."

मला काही दिसेना. चष्मा पुसला. तरी दिसेना. मग तिने सांगितलं की हा उजेड डोळ्यांना दिसतच नाही. चार वर्षं राबून पोरीने उजेड पाडला, आणि तोही न दिसणारा! दादाला हे कसं सांगायचं याची जुळवाजुळव मी मनात सुरू केली.

या उजेडाचं नाव टेराहर्ट्‌झ. टेरा म्हणजे एकावर बारा शून्यं. लोक एवढ्याने दचकतात, पण शून्यांशी आमचा रोजचा संबंध. एकावर बारा शून्यं म्हणजे एक लाख कोटी, अर्थसंकल्पात हल्ली किरकोळीत येणारी रक्कम. या प्रकाशाची लाट सेकंदाला लाख कोटी वेळा हेलकावे खाते आणि तिची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते. याच्या खालच्या अंगाला रेडिओ, मोबाईल, मायक्रोवेव्ह यांची वस्ती. वरच्या अंगाला उष्णतेचे अवरक्त किरण आणि मग आपला नेहमीचा, विजेचं बिल वाढवणारा प्रकाश. दोन्ही वस्त्या गजबजलेल्या, आणि मधे ही जागा वर्षानुवर्षं ओस. तिला खरोखरच 'टेराहर्ट्‌झची फट' म्हणतात. खालून इलेक्ट्रॉनिक मंडळी चढत जातात, पण एवढ्या जलद हेलकाव्यांना त्यांचे ट्रान्झिस्टर दमतात. वरून लेझरवाले उतरत येतात, तर इथल्या प्रकाशकणाची ऊर्जा इतकी फाटकी, की खोलीतल्या साध्या उष्णतेचा गलबलाच तिच्या सहापट. त्या गोंगाटात त्याचं ऐकणार कोण? आमच्या शाखेत सात तारखेला दुपारी बारा वाजता एखाद्या म्हातारीने हळू आवाजात शिल्लक विचारावी, तसं.

आपल्याकडचा एक माणूस मात्र या फटीच्या उंबऱ्यापर्यंत केव्हाच जाऊन आला होता. जगदीशचंद्र बोस. १८९५ साली त्यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये तारेशिवाय, भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखवली आणि दारू उडवून दाखवली. त्या काळात त्यांच्या लाटा पाच मिलिमीटरपर्यंत आखूड झाल्या होत्या. म्हणजे ०.०६ टेराहर्ट्‌झ. आमच्या भाषेत, रुपयातले सहा पैसे त्यांनी तेव्हाच भरले होते. बाकीचे चौऱ्याण्णव भरायला जगाला शंभर वर्षं लागली.

"मग तू कसा पाडतेस?" मी विचारलं. विचारण्यात उत्सुकतेपेक्षा, लाडू खाऊन होईपर्यंत फॉर्म कसा काढावा हा हेतू जास्त होता.

"फरकातून," ती म्हणाली.

हा शब्द ऐकून माझा लाडू हातातच राहिला.

वाचकहो, बँकेबाहेरच्या माणसाला 'फरक' या शब्दाची दहशत कळायची नाही. संध्याकाळी कॅश मोजायची, संगणकातला आकडा बघायचा आणि दोन्ही जुळले नाहीत तर त्याला फरक म्हणतात. अकरा रुपयांचा फरक मी रात्री साडेनऊपर्यंत शोधलेला आहे. शेवटी माझ्या खिशातून अकरा रुपये घालायला निघालो, तर साहेब म्हणाले, असं चालत नाही, फरक सापडायलाच हवा. घरी येऊन ताटावर बसलो की ही विचारायची, "आज किती?" दुसऱ्या बायका पगार विचारतात. माझी सगळी उमेद फरक नाहीसा करण्यात गेली. आणि इथे माझी सख्खी पुतणी सांगत होती की फरक हाच तिचा माल आहे.

तिने कागदावर मांडून दाखवलं. तिचं लेझर ज्या रंगाचा प्रकाश टाकतं तो लाल रंगाच्या जरा पलीकडचा, सेकंदाला ३७५ लाख कोटी हेलकाव्यांचा. शेजारी दुसरा, ३७४ लाख कोटींचा. दोन्ही एका विशिष्ट स्फटिकात सोडले, की स्फटिक वजाबाकी करतो आणि एक लाख कोटीचा फरक बाहेर टाकतो. तोच टेराहर्ट्‌झ! आणि दोन रंगांसाठी दोन लेझरही लागत नाहीत. लेझरचा ठोका पुरेसा आखूड असला, की त्यातच पुष्कळ रंग दाटीवाटीने बसलेले असतात. तिचा ठोका म्हणजे सेकंदाचे दहा लाख कोटी तुकडे करून त्यातला एक. त्या तुकड्यातल्या प्रत्येक रंगाचा प्रत्येक रंगाशी फरक निघतो.

"कोणताही स्फटिक हे करतो?"

"छे. साधी काच सरळ वागते. दुप्पट द्याल तर दुप्पट हलेल. हे स्फटिक नॉनलिनिअर असतात. जोर वाढवला की ते वाकडे वागायला लागतात. दोन रंग एकत्र आले की त्यांचे गुणाकार होतात आणि त्यातून बेरजा-वजाबाक्या निघतात."

म्हणजे साधी काच सरळव्याजी आणि हा स्फटिक चक्रवाढ. मी तसं म्हटल्यावर पुतणी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, अगदी तसंच नाही, पण आमच्या सरांच्या उदाहरणापेक्षा बरंय." हे वाक्य मी घरी तीनदा सांगितलं आहे.

या स्फटिकांच्या घराण्यातली एक हकीकत तिने सांगितली ती मला विसरता येत नाही. १९६१ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेझरचा लाल प्रकाश गारेच्या, म्हणजे क्वार्ट्‌झच्या, स्फटिकात सोडला. त्या बाजूने बेरीज निघाली. लालमध्ये लाल मिळवून दुप्पट हेलकाव्यांचा अतिनील प्रकाश! निघाला तो इतका थोडा, की फोटोच्या काचेवर जेमतेम एक ठिपका उमटला. निबंध छापायला गेला. छापणाऱ्यांकडे कोणीतरी कर्तव्यदक्ष माणूस होता. त्याला वाटलं, फोटोवर घाण पडलीय. त्याने ठिपका काढून टाकला. निबंध छापून आला तो ठिपक्याची जागा बाणाने दाखवणारा आणि ठिपका नसलेला. ज्या ठिपक्यासाठी एवढा खटाटोप, तोच साफ! दुसऱ्या वर्षी, १९६२ साली, त्याच मंडळींनी वजाबाकीचं अंगही पकडलं, आणि पुतणीचा आजचा धंदा तिथून सुरू होतो. ती हसत होती. मला हसू येईना. मला त्या पुसणाऱ्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तो बहुधा कॉमर्सचा असणार. नीटनेटका. डाग दिसला की पुसणारा. रविवारी खिशात फॉर्म घालून पुतणीकडे जाणारा.

मी घाईघाईने हिशेबाचा विषय काढला. म्हटलं, यात सुटतं किती? तर ३७५ लाख कोटीवाल्या एका प्रकाशकणाने एक टेराहर्ट्‌झचा कण दिला, की ऊर्जेच्या हिशेबाने ३७५ रुपये गुंतवून एक रुपया हाती. इतक्या कमी परताव्याची योजना आमच्या बँकेनेही अजून काढलेली नाही. पण त्यात एक मख्खी आहे. कण एक रुपया देऊन मरत नाही. तो ३७४ चा होऊन पुढे चालतो, आणि स्फटिक चांगला असला तर पुन्हा एक रुपया देतो, पुन्हा एक. तरी शेकडा एक हाती लागलं तर या लोकांत टाळ्या पडतात.

तिचा स्फटिक लिथियम नायोबेटचा. दिसायला खडीसाखरेचा तिरका कापलेला तुकडा, पण किंमत ऐकल्यावर मी त्याच्यापासून दोन पावलं मागे सरलो. या स्फटिकाची वजाबाकी उत्तम, पण त्याच्यात एक संसारी खोड आहे. त्याच्या पोटात लेझरचा प्रकाश मोकळ्या जागेतल्यापेक्षा सुमारे २.२ पट हळू चालतो आणि टेराहर्ट्‌झ जवळजवळ ५ पट हळू. म्हणजे बाप पुढे निघून जातो आणि पोरं मागे राहतात. पुढे जाऊन बाप नवी पोरं जन्माला घालतो. ती मागच्यांशी जुळत नाहीत, आणि एकमेकांचा पाय ओढून सगळी मटकन खाली बसतात. कित्येक वर्षं हा तिढा होता. तो सोडवला हंगेरीतल्या पेच गावच्या यानोश हेब्लिंगने, २००२ साली, जर्मनीतल्या एका सहकाऱ्याला बरोबर घेऊन. त्याने प्रकाशाचा वेग कमी केला नाही. प्रकाशाचं तोंड तिरकं केलं.

हे मला कळेना, तेव्हा तिने माझ्या हातात पट्टी दिली. तुम्हीही करून बघा. टेबलावर पट्टी आडवी धरून पुढे ढकला. हात जितका जाईल तितकी पट्टी जाते. आता पट्टी चांगली तिरकी धरा आणि हात सरळच पुढे न्या. हात हातभर गेला तरी पट्टी स्वतःच्या तोंडासमोर अर्ध्या हातापेक्षाही कमी सरकते. पट्टी ६३ अंशांनी कलती ठेवली तर हा हिशेब २.२ आणि ५ यांच्याशी बरोबर जुळतो. म्हणजे बाप आपल्याच वेगाने जातो, पण त्याच्या कलत्या तोंडासमोर चालणारी पोरं आता एका पावलात चालतात, एकमेकांच्या जोरात जोर मिळवतात आणि ज्याला ही मंडळी 'प्रखर' म्हणतात असा टेराहर्ट्‌झ स्फटिकाच्या तिरक्या तोंडातून बाहेर पडतो. २०११ साली जपानात क्योतोच्या लोकांनी याच युक्तीने सेंटिमीटरला दहा लाख व्होल्टांहून जास्त जोर काढला. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत पट्टीने मी फक्त लाल रेघा मारल्या.

"एवढा प्रखर कशाला हवा?"

"मंद असला तर नुसतं बघता येतं. प्रखर असला तर ढकलता येतं." स्फटिकातले अणू ज्या तालावर डोलतात तो ताल याच वस्तीतला. त्याच तालावर धक्का दिला तर पदार्थाचा स्वभाव क्षणभर बदलतो का, हे तिला बघायचंय. झोपाळ्याला लय साधून झोका देतात, तसं. नुसतं बघण्याचेही उपयोग आहेत. कापड, कागद, पुठ्ठा याला पारदर्शक. एमआयटीत आपल्या नाशिकच्या रमेश रासकरांच्या गटाने २०१६ साली टेराहर्ट्‌झच्या मदतीने कागदांची चवड न उघडता वरच्या नऊ कागदांवरची अक्षरं वाचून दाखवली. हे ऐकून मी नकळत खिशावर हात ठेवला. आत फॉर्म होता, घडी घातलेला.

पण या प्रकाशाला एका गोष्टीचं वावडं. पाणी. हवेतली वाफसुद्धा त्याला गिळते. म्हणून त्याची सगळी वाट एका पारदर्शक पेटीत बंद करून आत कोरडा नायट्रोजन सोडलेला असतो. मुंबईच्या हवेत टेराहर्ट्‌झ आणि पापड यांचं दुःख एकच. हे तिने मला सांगितलं खरं, पण नंतर सांगितलं. त्याआधी ती चहा आणायला गेली होती आणि मला स्फटिक जवळून बघायचा होता. पेटीला झाकण होतं. झाकण हे उघडण्यासाठी असतं अशी माझी समजूत. मी ते उघडलं, डोकं आत घातलं आणि चांगला निरखून, सुस्कारे टाकत स्फटिक पाहिला.

ती चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. सकाळपासून कोरडी केलेली पेटी! मी झाकण लावलं, पण ते चोरीनंतर कुलूप लावण्यासारखं होतं. मला वाटलं, आता ही रडणार. चार वर्षं, संपत आलेली शिष्यवृत्ती, आणि त्यात हा काका. ती काही बोलली नाही. संगणकाशी बसली आणि आलेख काढला. मघा जी रेघ टेकडीसारखी सलग होती तिच्यात आता खोल खड्डे पडले होते. ०.५५७ टेराहर्ट्‌झला एक, १.१ च्या आसपास दोन, पुढे आणखी. तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"काका, हे तुम्ही."

पाण्याच्या वाफेच्या खुणा त्या. माझ्या श्वासाच्या आणि माझ्याबरोबर आत घुसलेल्या मुंबईच्या. नेमक्या जिथे असायला हव्यात तिथे. मी बघत राहिलो. आधार कार्डापासून बँकेच्या ओळखपत्रापर्यंत माझा एकही फोटो मला आवडलेला नाही. हा आवडला.

"म्हणजे यंत्र बरोबर चाललंय?" मी भीतभीत विचारलं.

"उत्तम चाललंय. आता पेटी पुन्हा कोरडी व्हायला दोन तास." आणि ती हसली. लहानपणी माझ्या सायकलवर पुढे बसून हसायची, तशी.

दोन तास होते. चहा होता. मी खिशातून घडी काढली. दादाचं नाव घेतलं, वहिनींचं घेतलं, पेन्शनचं घेतलं, माझं स्वतःचं उदाहरण देण्याच्या बेतात होतो.

"फॉर्म मी परवाच भरलाय," ती म्हणाली.

मी गप्प.

"बाबा फोनवर काही बोलत नाहीत हल्ली. नुसतं 'जेवलीस का' विचारतात. मग रात्री बसून भरला. फी पण भरली." तिने फोनवर पावती दाखवली. व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ. रात्रीचे २ वाजून १० मिनिटं. मी बँकेचा माणूस, पावती बघितली की माझी खात्री पटते. या वेळी नुसती पावती बघितली.

"आणि हे?" मी टेबलाकडे हात केला.

"हे तर आहेच. परीक्षेला महिना आहे अजून. तोवर मधला तो तिसरा आरसा बसवायचाय नीट." ती उठली आणि हिरवट चष्मा घालून वाकली. एका स्क्रूला तिने इतकं हळू फिरवलं, की तो फिरला हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी निघालो तेव्हा खड्डे भरत आले होते. मी हवेतून हळूहळू पुसला जात होतो.

रात्री दादाला फोन केला. फॉर्म भरला गेलाय, म्हणून सांगितलं. कोणी भरवला ते सांगितलं नाही. दादाला वाटलं मी, आणि मी तो गैरसमज तसाच ठेवला. सवयीने बेरीज जुळवून टाकली, दुसरं काय. त्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा झाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "निघेल ना रे ती त्या परीक्षेत?"

"न निघायला काय झालं?" मी म्हटलं. "हुशार आहे."

फोन ठेवला. ही ताट वाढत होती. माझा चेहरा बघून तिने सवयीने विचारलं, "आज किती?"